मीकाच्या देशात चूल एकदाच पेटते

परवा आखाडा बाळापूरजवळच्या माहेराहून हिंगोलीला परत येताना एसटीची खिडकी उघडी होती आणि तो वास आत आला. ओल्या मातीचा, उकडलेल्या कंदाचा, थोडा कडवट, थोडा औषधी. शेजारच्या बाईने नाकाला पदर लावला. मी खिडकी आणखी सरकवली. रस्त्याकडेच्या शेतात हळद शिजत होती. आता कढया गेल्या, बॉयलर आले. लोखंडी टाक्या, त्यांना जोडलेल्या नळ्या, फसफसणारी वाफ. ट्रॅक्टरमागे बांधून ते सगळं धूड या शेतातून त्या शेतात फिरतं. काम लवकर उरकतं, बायांचे डोळे धुराने जात नाहीत, हे फार चांगलं झालं. वास मात्र तोच राहिला. आणि तो नाकात शिरला की तिशीला टेकलेली, एका लेकीची आई असलेली मी आजही एका बाईवर जळायला लागते.

हेवा हा शब्द मला जरा सोवळा वाटतो. हेवा लांबून करता येतो. जळायला जवळ असावं लागतं, आणि ती आमच्या घरात होती. आमच्या ताटात जेवत होती, माझ्या वाकळेवर झोपत होती आणि माझ्या मायला माझ्या देखत घेऊन चालली होती.

ती हॉलंडची. नाव मीका. शेतीचं काहीतरी मोठं शिक्षण घेत होती आणि एका संस्थेच्या ओळखीने आमच्या गावात हळदीचा हंगाम बघायला आली होती. तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता, हिंगोली नुसता तालुका. परदेशी माणूस गावाने पाहिला नव्हता. तिला कुणाच्या घरी ठेवायचं यावर पारावर बराच खल झाला आणि आमचं घर ठरलं. कारणं दोन होती. एक, आमच्या न्हाणीला दार होतं. दुसरं, मी नववीत होते आणि इंग्रजीत बरी होते. माझं इंग्रजी परीक्षेपुरतं, गाळलेल्या जागा भरण्याइतकं. पण गावात तेवढंही दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. न्हाणीचं दार आणि मी, असे आम्ही दोघं त्या पाहुणीच्या सोयीला होतो.

माझी माय फार बोलणारी बाई नव्हती. आम्ही तिघी बहिणी, मी धाकटी. माझ्या पाठीवर एक भाऊ. थोरल्या दोघी लग्न होऊन गेल्या होत्या. मायचं माझ्याशी बोलणं म्हणजे कामं. पाणी आण, शेण उचल, भाकरी बांध, लवकर ये. शाळेत काय झालं हे तिने मला कधी विचारलं नव्हतं. पहिला नंबर आला तेव्हा तिने माझ्याकडे बघून नुसतं "बरं" म्हटलं आणि पुन्हा सूप हातात घेतलं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. माय अशीच असते, असंच वाटायचं. तिच्याकडे प्रश्न असतात हेच मला माहीत नव्हतं.

मीका आली आणि मायच्या तोंडातून प्रश्नांचा पाटच फुटला.

शेतात कढई मांडलेली. खाली खड्डा, त्यात कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ. वर हळदीचे कंद, त्यावर हळदीचाच वाळला पाला, त्यावर ओलं पोतं. वाफ कडेने शिट्टी मारत निघायची. माय जाळ पुढे-मागे करत बसायची, मीका तिच्याशेजारी उकिडवी, आणि मी दोघींच्या मध्ये.

"सुमे, इच्यार तिला, तुमच्याकडं पाऊस कवा येतो?"

मी विचारायचे. मीका हसून सांगायची, आमच्याकडे पाऊस येतही नाही आणि जातही नाही, तो असतोच.

"इच्यार, मंग धुणं कसं वाळतं?"

"इच्यार, बाया शेतात जातात का?"

"इच्यार, तिची माय आता काय करत आसंल?"

मी विचारत राहायचे. प्रश्न मायचा, उत्तर मीकाचं, आणि दोन्ही माझ्या तोंडून. मध्ये मी फक्त नळी. उत्तर सांगताना मी मायकडे बघायचे, तर माय जाळाकडे बघत मान हलवत असायची. माझ्याकडे बघायची तिला गरजच नव्हती. मला वाटायचं, तोंडावर सांगावं, माय, हे मी बोलतेय, जरा इकडे बघ. कधी कधी ती कालचाच प्रश्न आज पुन्हा विचारायची.

"अगं, काल सांगितलं नं ते."

"सांगितलं तर सांगितलं. पुन्यांदा इच्यार की. तुझं काय जाऊन राहिलं?"

माझं बरंच काही जात होतं. पण ते मायला कोण सांगणार?

मीकाचा देश मला असा मायच्या प्रश्नांतून कळला. भूगोलाच्या पुस्तकात त्याला एवढीशी जागा होती. तो देश म्हणे बराचसा समुद्राच्या पातळीपेक्षा खाली आहे. समुद्राला बांध घालून माणसांनी तिथे जमीन काढली. हे ऐकून आमचे वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे, बैल सोडून जवळ आले.

"समिंदराला बांध? अन् तो राखतो कोन?"

मीका म्हणाली, पूर्वीपासून सगळे मिळून राखतात. जमीनदार असो की गरीब, बांध फुटला तर सगळेच बुडणार, म्हणून पाण्याचा कारभार बघायला शेजारीपाजारी मिळून माणसं निवडतात. फार जुनी पद्धत आहे. अण्णांनी आमच्या बांधाकडे पाहिलं. शेजारच्या शेतमालकाने आमचा बांध दरवर्षी नांगराच्या एकेका तासाने कोरत आणला होता आणि अण्णांनीही दुसऱ्या बाजूला तेच केलं होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"आमच्यात बांध कोरायची चढाओढ," ते शेवटी म्हणाले, "अन् ह्यांच्यात राखायची."

फुलांचा बाजार तर त्यांना पटलाच नाही. तिथे लिलाव उलटा चालतो. भिंतीवर घड्याळासारखी मोठी तबकडी, भाव वरून सुरू होतो आणि खाली खाली येत जातो. व्यापारी चुपचाप बसलेले. ज्याने आधी बटण दाबलं, माल त्याचा. ओरडा नाही, रेटारेटी नाही. अण्णांनी मोंढ्यात आयुष्यभर वर चढणाऱ्या बोल्या ऐकलेल्या.

"वरून खाली? मंग ते काटे उतरताना शेतकऱ्याचा जीव ऱ्हातो का?"

मीकाने हे तिच्या वहीत लिहून घेतलं. ती म्हणाली, माझे बाबाही हेच म्हणतात. ते फुलांचे गड्डे पिकवतात. कांद्यासारखे गड्डे, जगभर जातात. एवढासा देश, पण दूध, चीज, फुलं, बियाणं, सगळं साऱ्या जगाला विकतो. आणि गंमत ही, की गड्डा पोसावा म्हणून शेतात उमललेली फुलं वरच्यावर कापून टाकतात. लाल, पिवळी, जांभळी, शेतंच्या शेतं.

"कापून टाकतात? मंग देवाला वाहत आसतील," माय म्हणाली.

नाही, तिथेच पडतात, असं मी सांगितलं. माय जाळ सारत राहिली. संध्याकाळी भाकरी थापताना मध्येच म्हणाली, "एवढाली फुलं." तेही मीकाकडे बघून.

मी कशाकशावर जळले ते आता हसत सांगता येतं. तव्यावर भाकरी फुगली की वरचा पातळ पापुद्रा निघतो, त्यावर तेल आणि तिखट टाकून तो मला मिळायचा. थोरल्या बहिणी गेल्यापासून तो माझा हक्क होता. मीका आल्यावर तो तिच्या ताटात गेला. तिचे केस मक्याच्या कणसाच्या झिपऱ्यांसारखे, पिवळे आणि मऊ. माय दर आठवड्याला तिला पुढ्यात बसवून तेल लावायची, विंचरायची, घट्ट वेणी घालायची. माझी वेणी मी पाचवीपासून स्वतः घालत होते. मी दारात उभी राहून बघायचे. मायची पिवळी बोटं त्या पिवळ्या केसांत कुठे संपतात ते कळायचं नाही. मीका डोळे मिटून बसलेली असायची आणि माय गुणगुणत असायची. मायला गुणगुणता येतं हेही मला तेव्हाच कळलं.

आणि मीका चांगली होती, ही आणखी एक तकलीफ. वाईट असती तर जळणं सोपं गेलं असतं. ती भल्या सकाळी उठून पाणी भरायची, हळद वेचायला बायांबरोबर ओळीत बसायची, कंबर धरली की मोठ्याने हसायची. मला तिने एक निळं पेन दिलं. त्या पेनाने मी बरेच दिवस लिहिलं नाही आणि मग लिहिलं तर ते फार सुंदर चालायचं, याचाही राग आला.

मायला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ते चुलीचं. मीकाच्या देशात सकाळी ब्रेड, त्यावर लोणी आणि वर चक्क चॉकलेटचा चुरा भुरभुरायचा, मोठी माणसंसुद्धा खातात. दुपारी पुन्हा ब्रेड. गरम जेवण फक्त संध्याकाळी.

"म्हंजे चूल एकदाच पेटती?"

"एकदाच."

"मंग बाकीचा दिवस बाया काय करतात?"

मीका म्हणाली, माझी आई टपाल वाटते, सायकलवरून. संध्याकाळी गाण्याच्या मंडळात गाते. शनिवारी बाबा स्वयंपाक करतात. मायने हळूच अण्णांकडे पाहिलं. अण्णा बैलांच्या वेसणी तपासायला उठून गेले.

सगळंच तिला आवडलं असं नाही. म्हातारी माणसं वेगळी राहतात, मुलगीसुद्धा आईकडे आधी विचारून, वेळ ठरवून जाते, हे ऐकल्यावर मायचा जाळ सारणारा हात थांबला. "इच्यारून? मायच्या घरी?" ती म्हणाली आणि मीकाच्या पाठीवरून हात फिरवला, जसं काही तीच पोरकी. त्या लोकांच्या खिडक्यांना संध्याकाळीही पडदे नसतात, येणाऱ्याजाणाऱ्याला आतलं जेवणाचं टेबल दिसतं, लपवण्यासारखं काही नाही असा त्याचा अर्थ, हेही तिला विचित्र वाटलं. मी म्हणाले, आमच्याकडे भिंती असूनही सगळ्या गावाला आतलं कळतं. हे मीकाला सांगितलं तेव्हा ती खूप हसली. मग माय हसली. माझ्या बोलण्यावर हसली, पण हसताना टाळी दिली ती मीकाला.

वाढदिवसांचा विषय हंगामाच्या शेवटी शेवटी निघाला. तोपर्यंत अर्धी हळद वाळत घातली होती आणि खळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मीका म्हणाली, आमच्याकडे घरोघरी वाढदिवसांचं कॅलेंडर असतं, नातेवाइकांच्या, मित्रांच्या तारखा लिहिलेलं, आणि ते टांगतात संडासात. रोज नजर पडते, कुणाचा दिवस विसरत नाही. आमच्या गावात संडास कुणाकडेच नव्हता. मी हे मायला कसं सांगावं या विचारात पडले. सांगितल्यावर माय म्हणाली, "देवळीत ठेवावं की. तिथंबी रोज नजर जाती."

मग मीकाने मला विचारलं, तुझा वाढदिवस कधी? मी म्हणाले, एक जून. तिचे डोळे मोठे झाले. ती आमच्या शाळेत जाऊन आली होती, तिथे निम्म्या पोरांनी तिला एक जूनच सांगितला होता. ती गंभीरपणे म्हणाली, मी हिशोब करून पाहिला, त्याआधी नऊ महिने म्हणजे पावसाळा सरत येतो, तेव्हा तुमच्याकडे एखादा मोठा सण असतो का?

"काय म्हनली ती?" मायने विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. ते एकच वाक्य मी त्या हंगामात मायपर्यंत पोचवलं नाही. नंतर मीकाला समजावून सांगितलं की आमच्याकडे जन्मतारखा कुणी ठेवत नाही. पोरगं शाळेत घालायला नेलं की गुरुजी सगळ्यांना एक जून देऊन टाकतात, म्हणजे वय बराबर बसतं. तिने ते वहीत लिहिलं आणि आधीच्या हिशोबावर रेघ मारली.

पण तिला विषय सोडवेना. ती सांगायला लागली की त्यांच्याकडे वाढदिवस एकट्याचा नसतो. मुलीचा वाढदिवस असला की पाहुणे येतात ते मुलीचा हात हातात घेतात, तिच्या आईचाही घेतात, बापाचा, भावाचा, आजीचा, आणि प्रत्येकाला म्हणतात, तुमचं अभिनंदन. आणि बाळ जन्मलं की येणाऱ्या प्रत्येकाला कडक टोस्टवर लोणी लावून, वर साखरेच्या बारीक गोळ्या टाकून देतात. गुलाबी, पांढऱ्या. गोळी फोडली की आत बडीशेप.

बडीशेप ऐकल्यावर मायने मान वर केली. बाळंतिणीला आपण शोप देतो, दूध यावं म्हणून. तिकडेही तेच कारण होतं.

माय म्हणाली, "इच्यार तिला, पोरगी झाली तरी वाटतात?"

मी विचारलं. मीकाला प्रश्नच समजला नाही. मी पुन्हा विचारला. ती म्हणाली, हो, म्हणजे काय, बाळ झालं म्हणून वाटतात. मग तिने माझ्याकडे बोट दाखवून मायलाच विचारलं, ही कधी झाली? खरी तारीख?

तो प्रश्न मलाच मायला विचारावा लागला. "माय, ती विचारतेय, मी कधी जन्मले."

माय जाळाकडे बघत होती. तिने पऱ्हाटीने निखारे मागे ओढले आणि सांगायला लागली. एवढं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"हेच दिस व्हते. हळद शिजून राहिली व्हती. ह्याच शेतात. मी कढईपाशी व्हते अन् पोटात कळा सुरू झाल्या. घरी जायाला येळच गावला न्हाई. तिकडं शेतातल्या आखाड्यावर, बैलाच्या छपरात झाली ही. शेजारची म्हातारी व्हती संगं. तिसरी पोरगी म्हनल्यावर सासू आली, बघितलं, अन् तोंड फिरवून गेली. हे कढई उतरून पिकाला पानी द्यायला निघून गेले. कुनी साखर वाटली न्हाई. मी पिवळ्या हातानंच हिला उचललं. पाच दिस ही पिवळी दिसायची. लोक म्हने, लेकराला कावीळ झाली. कावीळ न्हवती ती. माझ्या हाताची हळद व्हती."

मीका माझ्याकडे बघत थांबली होती. मला सांगायचं होतं. मी माझ्या परीक्षेपुरत्या इंग्रजीत माझाच जन्म तिला सांगितला. मायचं बोलणं होतं म्हणून मी माझ्याविषयी 'ती' म्हणाले. ती जन्मली तेव्हा हळद शिजत होती. तिच्या आईचे हात पिवळे होते. साखरेला मला शब्द सापडला, तोंड फिरवून गेली याला सापडला नाही; मी माझं तोंड फिरवून दाखवलं.

सांगताना माझ्या मनात एकच होतं. ही गोष्ट माझी होती. मी इतकी वर्षं हिच्या पदराला धरून वाढले, हिच्याच पिवळ्या हातचं खाल्लं, आणि ही गोष्ट हिने मला दिली नाही. कोण कुठली समुद्राच्या तळातून आलेली पोरगी, तिने विचारलं आणि हिने देऊन टाकली. पापुद्र्यासारखी. मला इतकी आग झाली की कढईखालचा जाळ काहीच नव्हता.

मीका उठली. तिने हात ओढणीला पुसले. मायपाशी जाऊन तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला, उभा धरला, घट्ट दाबून हलवला आणि त्यांच्या भाषेतला एक लांबलचक खरखरीत शब्द म्हणाली. मग तोच इंग्रजीत. मग अण्णांपाशी गेली, त्यांचाही हात हलवला. मग माझ्या भावाचा. त्याने लाजून हात मागे घेतला, तिने पुन्हा पकडला.

"काय म्हनून राहिली ही?" माय म्हणाली. हात अजून तसाच पुढे धरलेला.

मला शब्द सुचेना. आमच्या घरात या अर्थाचा शब्दच नव्हता. बसस्टँडवर निवडून आलेल्या पुढाऱ्यांच्या पाट्यांवर एक असायचा, शाळेच्या फळ्यावर निकालाच्या दिवशी असायचा. बोलताना तो कुणी वापरत नव्हतं. मी तोच वापरला.

"ती म्हणतेय, अभिनंदन."

"कोनाचं?"

"तुझं."

"माझं काहून?"

"तुला मी झाले म्हणून."

माय कढईकडे वळली. पदराने डोळे पुसत म्हणाली, धूर लई झाला आज. जाळ तर मागे ओढलेला होता.

मीका गेली तेव्हा माय गावाच्या फाट्यापर्यंत तिला सोडायला गेली आणि एसटी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. वाटलं, आता माय परत मिळाली. पापुद्रा परत मिळाला, वाकळ परत मिळाली. प्रश्न मात्र पाहुणीबरोबर गेले. माय पुन्हा पहिल्यासारखी झाली. पाणी आण, शेण उचल. मी वाट बघायचे की आता मला काहीतरी विचारेल. तिने विचारलं नाही. सकाळी चूल पेटवताना एखाद दिवशी स्वतःशीच म्हणायची, "मीकाच्या देशात चूल एकदाच पेटती." दुपारी चूल पेटवताना म्हणायची नाही.

दहावी झाल्यावर अण्णा मला हिंगोलीला शिकायला पाठवायला तयार नव्हते. पोरगी एकटी खोली करून राहणार, लोक काय म्हणतील. माय त्यांच्यासमोर बसली. "ती पोरगी समिंदर वलांडून एकटी आली. हिंगोली कुठं लांब हाय?" मी हिंगोलीला आले, शिकले, पुढे इथेच शाळेत लागले. म्हणजे माझं शिक्षणही तिच्याच वशिल्याने झालं. माझ्या हुशारीचं कुणी नाव काढलं नाही. वर्गात हॉलंडचा धडा आला की मी तो जरा भरभर उरकते. पोरं विचारतात, बाई, तिथे खरंच सगळे सायकलवर जातात का? मी म्हणते, पुस्तकात आहे तेवढं वाचा.

मग मला मुलगी झाली.

पावसाळ्याचे दिवस होते. दवाखान्याच्या खोलीत माझ्या सासूबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या. वाईट बाई नाहीत. पण चेहरा उतरलेला होता आणि तो त्यांना लपवता येत नव्हता. निरोप मिळाल्यावर माय बाळापूरहून मिळेल त्या गाडीने आली. पायाला चिखल, पदर ओला, हातात शोपेची पुडी आणि डिंकाचे लाडू. मला वाटलं, आधी बाळाकडे जाईल. ती माझ्याकडे आली. पुडी खाली ठेवली, हात पदराला पुसला, माझा उजवा हात घेतला. एरवी आपण घेतो तसा नाही. उभा धरला, घट्ट दाबला, हलवला.

"अभिनंदन," माय म्हणाली.

मग सासूबाईंपाशी गेली. त्यांचाही हात तसाच हलवला. "तुमचंबी अभिनंदन." सासूबाई स्टुलावरून अर्ध्या उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही, पण मघाचं जे होतं ते पुसलं गेलं. सलाईन बघायला नर्स आली होती, मायने तिलाही सोडलं नाही. शेवटी पाळण्यापाशी जाऊन बाळाची एवढीशी मूठ दोन बोटांत धरून हलवली.

अशा वेळी डोळे भरून यायला हवेत. माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे, की इथेही तीच. माझ्या बाळंतपणाच्या खाटेवरही मीका माझ्याआधी पोचली. मायच्या हातात तिचाच हात होता. मी मायकडे बघितलं आणि बोलून गेले, "अजून तिची आठवण काढतेस. मीकाने शिकवलेलं तेवढं बरं लक्षात राहिलं तुझ्या."

माय माझ्या उशाशी बसली. लाडवाची पुडी सोडत म्हणाली, "मीकानं कुठं शिकवलं? तिची बोली मला काय कळत व्हती? ती घशातून काय काय काढायची. तूच बोलायचीस समदं. मी तुझंच ऐकत व्हते."

मी उशीवर मान तिच्याकडे वळवली.

"न्हाई तर तू इंग्लिशमंदी बोलताना मला कोन ऐकवनार व्हतं?" ती म्हणाली. "शाळेत मला कोन बसू देतं का? तवा आपलं इच्यारायचं तिला कायबाय. काल इच्यारलेलं आज पुन्यांदा."

बाहेर पाऊस लागून राहिला होता. मायने लाडवाचा तुकडा मोडून माझ्या तोंडात घातला आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

"बोल की आता," ती म्हणाली. "लई दिस झाले ऐकून."

मी लाडू गिळला. मग मी त्याच जुन्या, परीक्षेपुरत्या इंग्रजीत हळूहळू सांगायला लागले, की मी जन्मले तेव्हा हळद शिजत होती आणि माझ्या आईचे हात पिवळे होते. या वेळी 'ती' म्हणाले नाही. माय खिडकीबाहेर बघत मान हलवत राहिली.